बिनकुंकवाची तलवार

त्या दुपारची आठवण आली की आजही मी मनातल्या मनात हुश्श करतो. पोलीस खात्यातल्या चौतीस वर्षांत ज्यांना बेड्या घातल्या, त्यांतले बरेच चेहरे आता पुसट झाले. पण ज्याला बेड्या घालता घालता माझा हात थांबला, तो सुतार मिस्त्री काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. नाव कुणाचंच सांगणार नाही. ती माणसं अजून कोल्हापुरातच आहेत आणि मलाही भाजी आणायला मंडईत जावं लागतं.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ही समजूत पोलिसाला साधारण नोकरीच्या शेवटी शेवटी होते आणि तीच जास्त घात करते.

गणपती विसर्जनाचा बंदोबस्त उरकून चार दिवस झाले असतील. ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. खुर्चीत बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, एकेक पाय सरळ करत बसल्या. यजमान गेल्यानंतर पेठेतलं एक छोटं घर त्यांच्या नावावर झालं होतं. दोन खोल्या आणि पुढे अंगण. ते त्यांनी अठरा वर्षांपूर्वी एका सुतार मिस्त्रीला भाड्याने दिलं होतं. स्वतः त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट नव्हती आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. धाकट्या बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरची जागा मिळत होती, ती घ्यायची तर पेठेतलं घर विकायला हवं, आणि ते विकायचं तर मिस्त्रीने आधी ते सोडायला हवं. गोष्ट एवढीच होती.

"वकिलांकडून रीतसर नोटीस पाठवली, साहेब. रजिस्टर पोस्टाने. त्याने घेतलीच नाही. ही बघा, परत आली."

पाकिटावर पोस्टाचा शेरा होता, 'घेण्यास नकार'.

"तुम्ही स्वतः त्याच्याशी बोललात का?" मी विचारलं.

"मी कशाला बोलू? व्यवहारासाठी एजंट नेमलाय ना. तो दोनदा जाऊन आला. त्याला मिस्त्री म्हणाला म्हणे, बाईंना सांग, जागा सोडणार नाही आणि घर बघायला कुणी आलं तर त्याचे हातपाय जाग्यावर राहणार नाहीत. आणि मला न विचारता त्याने श्रावणात आतल्या खोलीत माळा बांधलाय. तुम्हीच सांगा, जाणारा माणूस माळा बांधतो का?"

हा प्रश्न मला बिनतोड वाटला. मी त्यांना विचारलं, भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली होती का? त्यावर बाई जरा चिडल्याच.

"तो काय परका होता? माझ्या घरातला देव्हारा त्याच्या हातचा आहे."

आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब, त्याला हाकला म्हणून मी आले नाही. तो कधी जाणार एवढं मला कळायला पाहिजे, आणि ते त्याला विचारायची मला आता भीती वाटते."

अशा अर्जांवर पोलिसाचं एक ठरलेलं वाक्य असतं, हा दिवाणी मामला आहे. ते मी म्हटलं. ते खरंही आहे. घर विकायला काढलं म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर पडत नाही. घरमालकाने परस्पर कुलूप तोडायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही, पाणी तोडायचं नाही. नोटीस, मुदत, आणि नाहीच जमलं तर कोर्ट, हा रस्ता. आणि भाडेकरूला वाटतं की नोटीस हातातच घेतली नाही तर ती लागू होत नाही. तेही खोटं आहे. नाकारलेली नोटीस कोर्ट मिळालेलीच धरतं. हे सगळं मी बाईंना समजावून सांगितलं, अर्ज चौकशीवर ठेवला आणि बीटच्या हवालदाराला 'लक्ष ठेवा' म्हणून सांगितलं. सरकारी भाषेत लक्ष ठेवा म्हणजे विसरून जा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग नवरात्र आलं. कोल्हापुरातल्या पोलिसाला नवरात्रात स्वतःचं घर दिसत नाही. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगा, वाहतूक, दसऱ्याचा सोहळा. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफली ओळीने मांडल्या, कुंकवाची बोटं ओढली, झेंडूच्या माळा घातल्या, प्रसादाचे पेढे वाटले. बाईंचा अर्ज कपाटात कुठल्या तरी फायलीखाली होता.

दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळीच माझा एक खबऱ्या आला. त्याची पेठेत पानपट्टी होती. आजवर त्याची बातमी कधी खोटी निघाली नव्हती.

"सायेब, त्या मिस्त्रीच्या घरात तलवार हाय," तो म्हणाला. "माळ्यावर, पोत्यात गुंडाळून ठिवलीया. लई दिसांची हाय. घर बघायला गिऱ्हाईक आलं तर काढनार म्हनत्यात."

बाईंचा अर्ज माझ्या डोक्यात लगेच वर आला. हातपाय जाग्यावर ठेवणार नाही म्हणणारा माणूस, नोटीस नाकारणारा माणूस, न विचारता माळा बांधणारा माणूस, आणि आता माळ्यावर तलवार. सगळं कसं चपखल बसत होतं. मी स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच बोलावले, महिला पोलीस शिपाई बरोबर घेतली आणि अकराच्या सुमारास आम्ही पेठेत पोहोचलो.

मिस्त्री पन्नाशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिल खोवलेला. झडती घ्यायची आहे म्हटल्यावर तो बाजूला सरकला. पुढच्या खोलीत भिंतीवर त्याची हत्यारं टांगलेली होती. करवती, पटाशा, रंधे, हातोड्या. प्रत्येकाला आपापला खिळा. मी ते सगळं बघितलं आणि मला त्यात काही दिसलं नाही. आतल्या खोलीत तो नवा माळा होता. त्यावर लाकडी दारं आणि खिडक्यांची झडपं एकावर एक रचलेली होती. त्यांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात पोतं. पोत्यात तलवार.

मिस्त्रीच्या बायकोने आवाज चढवला.

"ही आमची न्हाय वो सायेब! आमची असती तर नवमीला पाटावर मांडली नसती व्हय? इळी मांडली, शिलाई मशीन मांडली, पोरीची कंपासपेटी मांडली, आन् हीच तेवढी इसरलो व्हय आमी?"

झडतीत सापडलेली वस्तू कुठल्याच घरातली कधीच नसते. हे वाक्य मी हजार वेळा ऐकलेलं होतं. त्यामुळे त्या माउलीच्या पुढच्या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही. महिला शिपायाला खूण केली, ती तिला बाजूला घेऊन गेली.

जीपजवळ आल्यावर मिस्त्री पहिल्यांदा बोलला.

"सायेब, मी चालत येतो की तुमच्या म्होरं. जीपमदी नगा घालू. ह्या गल्लीत चार घरात माझं काम चाललंय."

सुतार लोकांच्या घरात शिरून काम करतो. घरात माणसं असोत नसोत, कपाटं उघडी असतात, बायका-पोरं वावरत असतात. ज्याच्याकडे पोलिसांना तलवार मिळाली, त्या सुताराला पुन्हा कोण उंबऱ्याच्या आत घेणार? हे मला तेव्हाही कळलं. तरी मी त्याला जीपमध्ये बसवलं. गल्लीतली सगळी दारं उघडी होती.

ठाण्यात मी त्याला समोर उभा केला आणि आवाज चढवला.

"जागा का सोडत नाहीस?"

"सोडतोय की! कोन म्हनतंय सोडत न्हाय?" तो गोंधळून म्हणाला. "गडमुडशिंगीला गुंठाभर जागा घिऊन घर बांधायला काढलंय. आठवडा झाला स्लॅब पडून. आमी समदीच दोन दिस तिकडं हुतो, कामगारांचं जेवन बायकोनंच केलं. दोन म्हैन्यात जातो म्हनून सांगा बाईंना, असं एजंटाला दोन बारी म्हनलो मी."

"मग नोटीस का नाही घेतलीस?"

"एजंटच म्हनला, कोर्टाचा कागद हातात घिऊ नको. घेतलास म्हंजी मान्य केलंस, दुसऱ्या दिशी सामान रस्त्यावर." मग तो म्हणाला, "आन् खरं सांगू का सायेब, राग बी आलता. अठरा वर्सं झाली. बाई आमच्या दारावरनं देवळात जात्यात. उभ्या उभ्या म्हनल्या असत्या, मिस्त्री, जागा मोकळी करा, तर मी न्हाय म्हनलो असतो व्हय? वकिलाचा कागद धाडला. मी काय चोर हाय?"

आरोपीच्या गोष्टीत दुसऱ्याचं नाव यायचंच, अशी माझी समजूत. मी हवालदाराला पंचनामा वाचायला सांगितला आणि अटकेचा कागद पुढे ओढला. हवालदार मोठ्याने वाचू लागला. लोखंडी पातं, लाकडी मूठ, लांबी अमुक, 'पात्यावर कोणताही डाग, गंज अगर खूण नाही.' मी नाव, वय, पत्ता भरला. सहीच्या जागेवर पेन टेकवणार, तेवढ्यात हवालदाराने मुद्देमालाला सील करायला लाख मागितली. लाख शस्त्रं ठेवायच्या खोलीत असायची आणि किल्ली माझ्याकडे. पाय मोकळे होतील म्हणून मीच उठलो.

खोलीचं दार उघडलं आणि तिथेच उभा राहिलो. समोर रायफलींची रांग. वाळलेल्या झेंडूच्या माळा अजून तशाच लटकत होत्या. प्रत्येक दस्त्यावर कुंकवाची बोटं होती, जरा फिकट झालेली. नवमीला लावलेलं कुंकू आम्ही कुणी पुसलं नव्हतं. ते कुणीच मुद्दाम पुसत नाही, वापरता वापरता जाईल तेव्हा जातं.

आणि मग मला ती भिंत दिसली. खिळ्यांवरच्या करवती, रंधे, पटाशा. सगळ्यांवर तीच लाल बोटं होती. मी ती सकाळी डोळ्यांनी बघितली होती, फक्त माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती. मिस्त्रीची बायको जीव तोडून सांगत होती ते हेच. ज्या घरात नवमीला पोरीची कंपासपेटीसुद्धा पुजली, त्या घरात खरीखुरी तलवार असती तर ती पाटावर सगळ्यांत आधी बसली असती. कोल्हापुरातला माणूस पोलिसांपासून हत्यार लपवेल, पण खंडेनवमीला त्याच्यावर कुंकू लावल्याशिवाय राहणार नाही.

मी परत आलो, पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. लाख हातातच राहिली होती.

"साहेब, पुसलं असंल की त्यानं," हवालदार म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. नुसत्या कुंकवावर कोर्ट चालत नाही.

"पुसलं असेल तर बाकीच्यांवरचं का ठेवलं?" मी म्हटलं. "चला, परत जाऊन येऊ."

दारात आम्हाला बघून मिस्त्रीची बायको आत गेली. मला वाटलं घाबरली. ती विळी घेऊन बाहेर आली आणि ती माझ्यापुढे धरली. पात्याच्या वरच्या बाजूला, जिथे भाजी लागत नाही तिथे, कुंकू होतं. मी विळी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. मला त्या वेळी तिच्याकडे सरळ बघवलं नाही.

मिस्त्रीला मी अटक केली नाही. बोलावलं की हजर राहायचं, अशी नोटीस देऊन घरी जाऊ दिलं. ही नोटीस मात्र त्याने दोन्ही हातांनी घेतली.

आता उलट्या दिशेने निघायचं होतं. पहिला गाठला माझा खबऱ्या. त्याला विचारलं, तलवार तू स्वतः बघितलीस का?

"न्हाय सायेब. मला एजंट म्हनला. जानता मानूस, खोटं कशाला बोलंल? सायेबांच्या कानावर घाल म्हनला, माझं नाव नगं म्हनला."

सकाळी मी त्याला बातमी पक्की का, एवढंच विचारलं होतं. ती कुठून आली हे विचारलं नव्हतं. चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती. तरी शिव्या त्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला पाठवून बाईंना रिक्षाने बोलावून घेतलं. तलवार सापडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होती. चेहरा उतरला होता.

"त्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?" मी विचारलं.

"माझ्याकडे. म्हणजे, गेल्या आठवड्यात एजंटने मागून नेली. घेणाऱ्याला घर आतून बघायचंय म्हणाला. मिस्त्रीला विचारलंय म्हणाला."

"घेणारा कोण?"

"एजंटचाच मेहुणा. भाडेकरू उठत नाही म्हटल्यावर बाकी सगळे मागे फिरले. हा एकटा तयार झाला. भाव फार पाडून मागितला, पण मी म्हटलं, सुटले एकदाची."

बाई भोळ्या नव्हत्या. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात यायला लागलं. मी त्यांना शेजारच्या खोलीत बसायला सांगितलं आणि एजंटला बोलावणं धाडलं.

तो आला तो पाहुणा आल्यासारखा. पांढरा कडक शर्ट, दोन मोबाईल. मी चहा मागवला. चौकशीचे अनेक प्रकार आहेत. जो माणूस स्वतःला शहाणा समजतो त्याच्यापुढे आपण अडाणी व्हायचं, हा त्यातला सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा. आवाज चढवावा लागत नाही, नुसता कान द्यावा लागतो.

"तुम्ही सगळ्या पेठेला ओळखता, म्हणून तुम्हालाच विचारतो," मी म्हटलं. "मिस्त्री म्हणतोय तलवार माझी नव्हे. तुम्ही कधी बघितली होती का?"

"बघितली म्हणजे? डोळ्यांनी बघितलीय, साहेब. आता कुणी विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर आपण कशाला कुणाच्या भानगडीत पडतोय?"

"साधारण कधी?"

"झाली की दोन वर्षं. माझ्या कपाटाचं काम होतं, त्याला बोलवायला गेलतो. आतल्या खोलीत माळ्यावर होती. डाव्या हाताच्या कोपऱ्यात, पोत्यात. मी तेव्हाच म्हटलं, मिस्त्री, हे काय बरं न्हाय."

"माळ्यावरच होती? खाली कुठे नव्हती ना?"

"माळ्यावरच. देवाशपथ."

हवालदाराने जबाब लिहिला, वाचून दाखवला. एजंटने झोकात सही केली आणि चहा संपवला. मग मी शेजारच्या खोलीतून बाईंना आत बोलावलं.

"बाई, मिस्त्रीने माळा कधी बांधला?"

"श्रावणात," बाई म्हणाल्या. "ह्याच श्रावणात. मला न विचारता बांधला, म्हणून तर मी तक्रार घेऊन आले होते."

एजंटने एक मोबाईल उचलला, परत ठेवला. बाईंकडे बघितलं, मग आपल्याच सहीकडे बघितलं. जो माळा दोन वर्षांपूर्वी नव्हताच, त्यावर याने तलवार बघितली होती.

त्यानंतर अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. बाईंचे निरोप मिस्त्रीकडे वाकडे करून पोहोचवले, मिस्त्रीचे बाईंकडे. दोघांची भेट होणार नाही एवढंच सांभाळलं. भाडेकरू हटवादी ठरला की भाव पडतो, म्हणून मिस्त्रीला आधी हटवादी केलं. मेहुण्याचा सौदा पक्का झाल्यावर, दोन महिन्यांत दोघांची गाठ पडून बिंग फुटू नये म्हणून, तोच मिस्त्री लवकर बाहेर काढायचा होता. स्लॅबच्या दिवशी घराला कुलूप असणार हे त्याला मिस्त्रीनेच बोलता बोलता सांगितलेलं. लग्नात नवरदेवाच्या हातात देतात तसली तलवार लग्नसामानाच्या दुकानातून आणली आणि बाईंच्याच किल्लीने आत शिरला. दुकानदाराने त्याला ओळखलं. खोटी माहिती देणं, खोटा पुरावा तयार करणं, दुसऱ्याच्या घरात शिरणं, बिगरपरवाना हत्यार, सगळी कलमं लावून मी गुन्हा दाखल केला आणि पुढे दोषारोपपत्रही मीच पाठवलं. त्या दिवशी अटकेचा नवा कागद भरताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

पण खरा निकाल त्याच दुपारी ठाण्याच्या बाकावर लागला. मिस्त्रीला बोलावलं होतं. बाई बाकाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. माझ्या हातात फाईल होती, पण मी तिथेच रेंगाळलो.

शेवटी बाई म्हणाल्या, "मिस्त्री, माळा कशाला हो बांधलात?"

"दारं ठिवायला, बाई. नव्या घराची दारं आन् खिडक्यांची झडपं. अंगनात ठिवली असती तर पावसानं फुगली असती."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, जाणारा माणूस माळा बांधतो का म्हणून."

"जानाराच बांधतोय की, बाई," मिस्त्री म्हणाला. "ऱ्हानाऱ्याला काय गरज?"

त्यावर बाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवायला सुरुवात केली. त्यालाही कुठे बघावं कळत नव्हतं. माझं म्हणाल तर छातीवरचा मोठा धोंडा उतरला. मी हवालदाराला चहा सांगितला आणि त्याचे पैसे कधी नव्हे ते स्वतः दिले.

तारीख त्यांनी तिथेच ठरवली. तुळशीचं लग्न झालं की जागा मोकळी. पुढे वकिलांकडून तसं लेखी झालं, दोघांच्या सह्या झाल्या. वकिलाचा कागद या खेपेला मिस्त्रीने नाकारला नाही, कारण तो द्यायला बाई स्वतः आल्या होत्या.

एक काम माझंही राहिलं होतं. ज्या गल्लीतून मिस्त्रीला जीपमध्ये नेलं, त्याच गल्लीत मी गणवेशात, पायी, भर उजेडात गेलो. त्याच्या दारात उभा राहून पाणी मागितलं. शेजारीपाजारी जमले तेव्हा मोठ्याने सांगितलं की चूक आमची झाली, माणूस सोन्यासारखा आहे. वरिष्ठांनी सांगितलेलं हे काम नव्हे आणि कुठल्या नियमात बसतं तेही मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतली चारही कामं परत सुरू झाली, असं हवालदाराने सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

घर सोडायच्या दिवशी बाई खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या आणि त्यांनी मिस्त्रीच्या बायकोची ओटी भरली. मिस्त्रीने विचारलं, माळा काढून नेऊ का? बाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्याला उपयोगी पडेल. किल्ली त्याने एजंटच्या नव्हे, बाईंच्या हातात दिली. घर पुढे रास्त भावात एका शिक्षक कुटुंबाने घेतलं आणि बाई बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला गेल्या. गडमुडशिंगीच्या वास्तुशांतीला मला बोलावणं होतं. गिलावा व्हायचा होता, पण दारं बसली होती. मी एक दार उघडून, मिटून बघितलं. आवाजसुद्धा आला नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. बातमी आली की ती कोणकोणत्या तोंडातून आली हे आधी विचारावं, हे शिकलो. घर विकणाऱ्याने आणि घर सोडणाऱ्याने नोटीस जरूर द्यावी-घ्यावी, पण त्याआधी एकदा समोरासमोर बसून चहा घ्यावा, हेही शिकलो. दोन माणसांनी बोलणं टाकलं की मधल्या माणसाचं फावतं. आणि झडतीच्या वेळी ओरडणारी बाई काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकावं. ती बोलली तेव्हाच ऐकलं असतं तर मिस्त्री त्या जीपमध्ये बसलाच नसता.

आता निवृत्त होऊन घरी आहे. रिव्हॉल्व्हर जमा केलं, गणवेश कपाटात आहे. खंडेनवमीला बायको पाटावर विळी, कात्री, नातवाची सायकल असं काय काय मांडते आणि मी त्यात माझं एक जुनं पेन ठेवतो. पहिल्या वर्षी ती हसून म्हणाली, "अहो, हे कसलं हत्यार? शाईसुद्धा वाळलीय त्यातली."

मी म्हटलं, "माझ्याकडचं सगळ्यांत धारदार तेच होतं. लाव त्याला कुंकू."